एकदा वापरून तर पाहा



नवा कपडा मिळाला की आपण तो लगेच अंगावर घालतो. नवी सवय लावून घ्यायची म्हटले, की मात्र आपण चार पावले मागे सरतो. नवे कपडे सर्वांना आवडतात; नवी सवय फार थोड्यांना आवडते. आज मला तुमच्याशी अशाच एका नव्या सवयीविषयी बोलायचे आहे. ही सवय संगणकाची आहे, पण तिच्यातून निघणारा प्रश्न केवळ संगणकाचा नाही. लोक नवी गोष्ट हाती घ्यायला का कचरतात आणि त्यांची भीड कशी चेपते, हा तो प्रश्न आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी एक घटना घडली. 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला नियमितपणे मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने थांबवल्या. काहींना थोडी मुदतवाढ मिळाली, पण ती कायमची नाही. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून पुष्कळांना ही गोष्ट कळलीही नाही. पण घराचे कुलूप जुने झाले आणि त्याची किल्ली चोरांच्या हाती लागली, तर दार दिसायला तसेच दिसते. घर मात्र सुरक्षित राहत नाही. दुरुस्त्या बंद झालेल्या संगणकाचे तसेच असते. 'विंडोज ११' बसवावी म्हटले, तर ती नव्या पद्धतीचे यंत्र मागते. जुने, पण चांगले चालणारे अनेक संगणक तिच्या अटींत बसत नाहीत.

असे पहिल्यांदाच घडले असे नाही. 'विंडोज एक्सपी'च्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. 'विंडोज ७'च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. पुढेही असे होतच राहील.

अशा वेळी आपल्यासमोर तीन वाटा असतात. नवा संगणक विकत घ्यावा, ही पहिली वाट. आहे त्याच संगणकावर धोका पत्करून काम चालू ठेवावे, ही दुसरी. तिसरी वाट अशी, की जुन्याच संगणकावर दुसरी, मोफत मिळणारी कार्यप्रणाली बसवावी. पहिल्या वाटेला हजारो रुपये लागतात. दुसऱ्या वाटेवर धोका आहे. तिसऱ्या वाटेला पैसे लागत नाहीत आणि धोकाही कमी आहे. तरी त्या वाटेने जाणारे लोक सर्वांत कमी! असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी कार्यप्रणाली म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. बल्लारपूरच्या मुलांना रेल्वेविषयी वेगळे सांगायला नको. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग आपल्या गावातून जातो. या मार्गावर पूर्वी वाफेची इंजिने धावत. नंतर डिझेलची आली, मग विजेची आली. रूळ तेच राहिले, स्टेशने तीच राहिली, प्रवाशांनी भरलेले डबेही तसेच जोडले गेले. बदलले ते इंजिन. संगणकाचे यंत्र म्हणजे रूळ आणि डबे आहेत, असे समजा. त्या सर्वांना चालवणारे जे इंजिन, ती कार्यप्रणाली. इंग्रजीत तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर बोट ठेवले की पडद्यावर अक्षर उमटते, छपाईयंत्रातून कागद बाहेर येतो, साठवलेले पान दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. ही सारी कामे तीच घडवून आणते. इंजिन बदलले तरी गाडी त्याच गावाला जाते. चालकाला मात्र नवे इंजिन शिकून घ्यावे लागते. सगळी अडचण तेथेच आहे.

मोफत मिळणाऱ्या कार्यप्रणालींत 'लिनक्स'चे नाव मोठे आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. त्याच्याही आधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला होता. संगणकाची आज्ञावली सर्वांना पाहता यावी, सुधारता यावी आणि इतरांना वाटता यावी, हा त्यांचा आग्रह होता. या दोन प्रयत्नांतून आणि जगभरच्या हजारो लोकांच्या मदतीतून उबुंटू, डेबियन, मिंट अशा अनेक प्रणाली तयार झाल्या.

तुम्ही म्हणाल, "सर, हे आमच्यासाठी अगदी नवे आहे." तसे नाही. तुमच्या घरी अँड्रॉइडचा मोबाईल असेल, तर त्याच्या आतला गाभा लिनक्सचाच आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ सालापासून लिनक्सवरच चालत आहेत. तेव्हा जी वस्तू आपण रोज खिशात घेऊन फिरतो, तीच टेबलावर ठेवली की आपल्याला परकी वाटते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लोकांची अडचण कार्यप्रणालीत नसते. ती सवय बदलण्यात असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवीन गोष्ट न स्वीकारणाऱ्या माणसाला आपण पटकन नावे ठेवतो. 'लोक अडाणी आहेत', 'त्यांना शिकायचेच नाही', असे बोलून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. नकार देणाऱ्या माणसाजवळ बहुधा एखादे चांगले कारण असते. ते कारण विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही.

समजा, तुमच्या मोहल्ल्यात डीटीपीचे एक दुकान आहे. तेथे लग्नपत्रिका होतात, शाळेच्या प्रश्नपत्रिका होतात, रमजानच्या महिन्यात सहरी-इफ्तारच्या वेळांचे तक्ते होतात. तुम्ही उत्साहाने दुकानात गेलात आणि म्हणालात, "चाचा, तुमचा संगणक जुना झाला आहे. एकदा लिनक्स वापरून पाहा ना!" चाचा मान वर न करताच म्हणतील, "बेटा, रमजान आठ दिवसांवर आला आहे. तक्ते छापून द्यायचे आहेत. तुझी नवी प्रणाली मध्येच अडली, तर गिऱ्हाईक तुझ्याकडे पाठवू का?"

चाचांचे काय चुकले? त्यांचे पोट त्या संगणकावर आहे. वीस वर्षांत तयार केलेल्या पत्रिकांचे नमुने त्यात साठवलेले आहेत. ते नमुने नव्या प्रणालीत उघडतील की नाही, याची त्यांना खात्री नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचाराल, तर तो म्हणेल, "माझा सगळा हिशोब टॅलीवर आहे. ती विंडोजसाठी बनलेली आहे. जीएसटीचे विवरण भरायचे कसे?" नोकरीच्या शोधात असलेला एखादा दादा म्हणेल, "एमएस-सीआयटीला मी विंडोज शिकलो. मुलाखतीत तेच विचारतात." आणि घरातली अम्मी म्हणेल, "बिघडला तर दुरुस्त कोण करणार? या गावात ते येणारा एक तरी माणूस आहे का?"

ही चारही कारणे खरी आहेत. यांत कोठेही अडाणीपणा नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ज्याचा संगणक पूर्वी एकदा बिघडला आणि सगळी कामे वाया गेली, तो दुसऱ्यांदा सावध राहणारच. 'हे फुकट मिळते' असे सांगून त्याचा विश्वास वाढत नाही. उलट कमी होतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी खोट असणार, असे बाजारात वावरणाऱ्या माणसाला अनुभवाने वाटत असते.

मग ही भीड चेपते कशी? आपल्या देशाने असे बदल पूर्वी केलेले आहेत. त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी एका रुपयाचे सोळा आणे होते आणि एका आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० पैसे झाले. जुना एक आणा म्हणजे नवे सव्वासहा पैसे! बाजारात भाजी विकणाऱ्या बाईने हा हिशोब करायचा कसा? सुटे पैसे देताघेताना आपण फसू, ही भीती तिला वाटली असेल, तर ती रास्तच होती. सरकारने तेव्हा तीन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. नव्या नाण्याला काही वर्षे 'नया पैसा' असे वेगळे नाव दिले, म्हणजे जुन्याशी घोटाळा होऊ नये. जुनी नाणी एका रात्रीत रद्द केली नाहीत. काही काळ जुनी आणि नवी दोन्ही नाणी बाजारात चालू ठेवली. आणि आण्यांचे पैसे किती होतात, याचे तक्ते लोकांच्या हाती दिले. लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४ साली 'नया' हा शब्द गळून गेला आणि नुसता 'पैसा' उरला. वजनमापांचेही असेच झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. शेर आणि मण हळूहळू मागे पडले. जुने शब्द मात्र कोणी हिसकावून घेतले नाहीत. सोनार आजही तोळ्यात बोलतो आणि आपण आजही 'सोळा आणे खरे' असे म्हणतो.

दुसरे उदाहरण तुमच्या उर्दू भाषेतलेच आहे. उर्दूची वर्तमानपत्रे आणि पुस्तके दीर्घकाळ हाताने लिहून मग छापली जात. ते लिहिणाऱ्याला कातिब म्हणत. इतर भाषांत खिळ्यांची छपाई रुळली, तरी उर्दू वाचकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. उर्दूवाले जुन्या वळणाचे आहेत, असे तेव्हा कोणी म्हटले असेल. खरे कारण वेगळे होते. खिळ्यांनी छापता येत होती ती नस्ख लिपी. वाचकांच्या डोळ्यांना सवय होती ती नस्तालिकची. नस्तालिकची अक्षरे एकमेकांत गुंफत तिरकी खाली उतरतात. ती खिळ्यांत बसवणे फार कठीण होते. पुढे मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने जवळपास वीस हजार अक्षरजोड स्वतःच्या हाताने लिहिले. त्यांपासून संगणकासाठी 'नूरी नस्तालिक' तयार झाले. १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने ते वापरले. १९९४ साली दिल्लीत 'इनपेज' ही आज्ञावली आली आणि भारतातील उर्दू छपाई पाहता पाहता संगणकावर गेली.

याचा अर्थ काय? लोकांना यंत्र नको होते असे नाही. यंत्रासाठी आपले अक्षर हरवायला ते तयार नव्हते. यंत्राने त्यांचे अक्षर शिकून घेतले, त्या दिवशी त्यांनी यंत्र स्वीकारले. पण या गोष्टीला एक दुःखाची बाजूही आहे. ज्या कातिबांचे सुंदर हात हे काम करत होते, त्यांच्यातील अनेकांचा व्यवसाय बुडाला. जे वेळेवर संगणक शिकले, ते टिकले. म्हणून मला वाटते, की बदल आणणाऱ्यांनी केवळ नव्या वस्तूची स्तुती करू नये. जुन्या वस्तूवर ज्यांचे पोट आहे, त्यांना शिकवण्याची जबाबदारीही घ्यावी.

यात एक गंमत लक्षात आली का? १९९४ साली जे इनपेज नवे होते, तेच आज जुनी सवय होऊन बसले आहे. उर्दूचे काम करणारे पुष्कळ जण विंडोज सोडत नाहीत, याचे एक मोठे कारण इनपेज हेच आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत लिहिलेला मजकूर दुसरीकडे सहज उघडत नाही. मराठीतही तसेच झाले. वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट आले. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, की त्याची चित्रविचित्र चिन्हे होत.

बल्लारपूर हे कागदाचे गाव आहे. आपल्या कारखान्याचा कागद असो की दुसऱ्या गावचा, शाई दोन्हींवर सारखीच उमटते आणि वाचणाऱ्याला दोन्हींवरचे अक्षर सारखेच दिसते. संगणकावरचा मजकूरही असाच असायला हवा. यासाठीच युनिकोड नावाची जागतिक पद्धत तयार झाली. तिच्यात उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू अशा सर्व लिपींतील अक्षरांना ठरलेले क्रमांक आहेत. युनिकोडमध्ये लिहिलेले पान विंडोजवर उघडते, लिनक्सवर उघडते आणि मोबाईलवरही उघडते. नस्तालिकचे युनिकोड फाँटही आता मोफत मिळतात. जो आपला मजकूर युनिकोडमध्ये ठेवतो, त्याला कोणतीही कार्यप्रणाली अडवू शकत नाही. नवी प्रणाली स्वीकारण्याची पहिली पायरी हीच आहे. ती चढण्यासाठी विंडोज सोडण्याचीही गरज नाही.

आता खुद्द कार्यप्रणाली बदलण्याची उदाहरणे पाहू. आपल्या देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे संगणकीकरण करताना उबुंटू लिनक्सची निवड झाली. खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली. न्यायाधीश आणि कारकून यांनी सारा जन्म कागदांच्या गठ्ठ्यांत काढलेला. त्यांच्या टेबलावर नुसता संगणक ठेवला असता, तर त्यावर धूळच बसली असती. म्हणून आधी काही न्यायाधीशांनाच प्रशिक्षक बनवले गेले. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. अशा रीतीने १४,००० हून अधिक न्यायिक अधिकारी उबुंटू वापरायला शिकले. शिकवणारा माणूस आपल्यातलाच असला, की अडलेले विचारायला संकोच वाटत नाही.

केरळ राज्याचे उदाहरण तर शाळांचेच आहे. तेथे २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढील काही वर्षांत तेथील सरकारी शाळा लिनक्सकडे वळल्या. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे लिहिली गेली आणि संगणकाची परीक्षाही त्याच प्रणालीवर होऊ लागली. २०१८ साली तेथे 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळे स्थापन झाली. या मंडळांतील मुले शाळेतील संगणकांची देखभाल करतात आणि इतरांना शिकवतात. जे काम गावातला एकही मेकॅनिक करत नव्हता, ते आठवी-नववीची मुले करू लागली. अम्मीच्या 'दुरुस्त कोण करणार?' या प्रश्नाचे उत्तर केरळने असे दिले.

आपल्या देशाने स्वतःची प्रणालीही तयार केली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली लोकांसमोर आणली. तिच्यात मराठी आहे, उर्दूही आहे. शाळांसाठी तिची खास आवृत्ती निघाली. तरीही तुमच्यापैकी कितींनी तिचे नाव ऐकले आहे? फार थोड्यांनी! वस्तू चांगली असली म्हणून लोकांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तिला हाताला धरून दारापर्यंत आणणारा माणूस लागतो.

बदल नेहमी टिकतोच असेही नाही. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले. दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पण कागदपत्रांची देवाणघेवाण करताना अडचणी येतात, अशा तक्रारी होत राहिल्या. शहराचे नेतृत्वही बदलले. २०१७ साली नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. लिनक्सचे चाहते हे उदाहरण सांगायचे टाळतात. मला वाटते, ते मुद्दाम सांगावे. तक्रारी ऐकून घेतल्या नाहीत, तर दहा वर्षांचे श्रमही पाण्यात जाऊ शकतात, हे त्यातून कळते.

"सगळे जग विंडोज वापरते, मग आम्हीच वेगळे का वागावे?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे, की विंडोज वाईट आहे म्हणून ती सोडा, असे मी म्हणत नाही. ज्याला टॅलीची गरज आहे, त्याने विंडोज जरूर वापरावी. ज्याची परीक्षा विंडोजवर आहे, त्याने तिचा सराव करावा. पण ज्याला एकच वाट माहीत असते, त्याला ती वाट बंद झाल्यावर थांबावे लागते. ज्याला दोन वाटा माहीत असतात, तो निवड करू शकतो. पत्र कसे लिहावे, तक्ता कसा करावा, हिशोब कसा मांडावा, हे एकदा नीट आले, की बटण डावीकडे आहे की उजवीकडे, याने अडत नाही.

दुसरे असे, की विंडोज विकत घ्यायला पैसे लागतात. म्हणून अनेक ठिकाणी तिची चोरून केलेली प्रत बसवली जाते. कोणी त्याला चोरी म्हणत नाही, कारण सगळेच तसे करतात. पण दुसऱ्याची वस्तू परवानगीवाचून घेऊ नये, हे आपल्याला घरात लहानपणापासून शिकवले जाते. जी वस्तू तिच्या कर्त्याने स्वतःहून सर्वांसाठी खुली केली आहे, ती हाताशी असताना चोरीची वस्तू का वापरावी? मान ताठ ठेवून वापरता येईल, अशी गोष्ट केव्हाही चांगली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्यातील अनेक घरांत नवा संगणक घेणे परवडत नाही. कोणाच्या तरी कचेरीतून निघालेला जुना संगणक घरी येतो. अनेक शाळांतही जुनेच संगणक आहेत. हे संगणक भंगारात गेले, तर ज्या मुलांनी त्यांवर शिकायचे, ती मुले मागे पडतील. हलकी लिनक्स बसवली, तर तोच संगणक आणखी काही वर्षे चालू शकतो. त्या काही वर्षांत एखाद्या मुलाची शाळा पूर्ण होते. म्हणून या बदलाकडे मी केवळ हौस म्हणून पाहत नाही.

मग तुम्ही काय करावे? उपदेश मुळीच करू नका. आधी समोरच्या माणसाचे ऐका. त्याचे रोजचे काम कोणते, त्याला भीती कशाची वाटते, हे विचारा. नंतर त्याला दाखवा. लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करता येतो. त्यासाठी संगणकातली विंडोज काढावी लागत नाही. पाहून झाले, पेन ड्राइव्ह काढला, संगणक पुन्हा सुरू केला, की सारे पूर्वीसारखे! दुकानातला माल घरी नेऊन पाहायला मिळाला आणि न आवडल्यास परत करता आला, तर कोण नाही म्हणेल?

पाहून आवडले, तरी घाई करू नका. सर्व महत्त्वाच्या धारिकांची दुसरीकडे प्रत करून ठेवा. ती केल्यावाचून आणि घरातील मोठ्यांच्या परवानगीवाचून कोणाच्याही संगणकाला हात लावू नका. शक्य असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवा. जसा १९५७ साली आणा आणि नया पैसा शेजारी शेजारी चालला. पडद्यावरची भाषा मराठी किंवा उर्दू करून द्या. अनेकांची निम्मी भीती संगणकाची नसते, इंग्रजीची असते. आणि पहिले आठ दिवस त्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर राहा. नवी प्रणाली सोडून देणारे बहुतेक लोक या पहिल्या आठ दिवसांतच सोडतात. छपाईयंत्र चालत नाही, अक्षर छोटे दिसते, साठवलेले पान सापडत नाही. अडचणी अशा छोट्याच असतात. त्या वेळी शेजारी कोणी असले, तर माणूस टिकतो. कोणी नसले, तर तो जुन्याकडे परततो आणि पुन्हा कधी वळून पाहत नाही.

एवढे करूनही कोणी 'नको' म्हणाला, तर त्याचा मान राखा. चाचांचा रमजान पार पडू द्या. ईदनंतर, दुकानात गर्दी नसताना, पुन्हा एकदा जाऊन विचारा. आज नको म्हणणारा माणूस उद्याही नको म्हणेलच असे नाही.

मित्रांनो, हे काम तुम्ही इतरांपेक्षा चांगले करू शकाल, असे मला वाटते. त्याचे कारण तुमच्या दप्तरातच आहे. उर्दूच्या वहीत तुमचा हात उजवीकडून डावीकडे चालतो. मराठीच्या वहीत तोच हात डावीकडून उजवीकडे चालतो. एकाच दिवशी, एकाच लेखणीने तुम्ही दोन्ही दिशांनी लिहिता. मराठीचा पहिला तास आठवा. ती उलटी चालणारी अक्षरे, त्यांच्या डोक्यावरची ती रेघ किती अवघड वाटली होती! आज तुम्ही हा पाठ वाचत आहात. मराठी आली म्हणून तुमची उर्दू गेली नाही. जी मुले दोन लिपी इतक्या सहज सांभाळतात, त्यांनी दोन कार्यप्रणालींना का भ्यावे? तुम्ही स्वतः वापरून पाहा आणि मग दुसऱ्याला आग्रहाने नव्हे, प्रेमाने म्हणा, "एकदा वापरून तर पाहा!"

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने कार्यप्रणालीला कशाची उपमा दिली आहे?
(आ) भारतात दशमान नाणी केव्हा सुरू झाली?
(इ) 'नूरी नस्तालिक'साठी अक्षरे कोणी लिहिली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डीटीपीच्या दुकानातील चाचा नवी प्रणाली वापरायला तयार का नाहीत?
(आ) म्युनिक शहराच्या उदाहरणावरून लेखक कोणता बोध घेतो?
(इ) केरळमधील विद्यार्थी शाळेत कोणते काम करतात?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
भीड चेपणे, अंगवळणी पडणे, पाण्यात जाणे, नावे ठेवणे.

प्र. ४. 'नकार देणाऱ्या माणसाजवळ बहुधा एखादे चांगले कारण असते.' हे मत तुम्हांला पटते का? तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखादे उदाहरण देऊन आठ-दहा ओळी लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, की त्यांनी कोणती नवी वस्तू सुरुवातीला नाकारली आणि पुढे स्वीकारली. त्यांची उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.